दोष क्रमांक चौदा

वस्तू घेण्याआधी ती नीट तपासून घ्यावी, हे शहाणपण ज्याने जगाला शिकवलं त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. भांडायला नाही. त्याला नुसतं गाडीवर मागे बसवून दौंडला न्यायचं आहे.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासतो. एकवीस वर्षं झाली. बोल्ट, वॉशर, रबराच्या चकत्या, जे येईल ते मोजायचं आणि हिरवा नाहीतर लाल स्टिकर लावायचा. या नोकरीने माणूस बिघडतो. लग्नाच्या पंगतीत बसलो तर सगळ्या जिलब्या एका मापाच्या नाहीत हे मला आधी दिसतं. माझी बायको दबोरा माझ्या ताटात चपाती वाढून तडक आत निघून जाते ती याच कारणाने.

तर झालं असं. आमच्या शिरूरच्या चर्चमध्ये ब्लेसन कीबोर्ड वाजवतो आणि डाव्या हाताने बेसचे सूरही भरतो. सप्टेंबरात तो मोटारसायकलवरून पडला आणि नेमका डावा हात प्लास्टरमध्ये गेला. पुढच्या रविवारी गाणी सुरू झाली तेव्हा खालचा आवाजच नव्हता. बिनमिठाची आमटी. आराधना संपल्यावर सगळे हळहळत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मी कॉलेजात दोन वर्षं बेस गिटार वाजवलीय."

हे खोटं नव्हतं. पण खरं असलेलं प्रत्येक वाक्य चारचौघांत बोललंच पाहिजे असंही नाही. चर्चच्या पायरीवर ठरून गेलं, की नाताळला याकोब बेस वाजवणार. फक्त बेस गिटार नव्हती. तीही अडचण ब्लेसनने एका हाताने सोडवली. दौंडला रूबेन मामा म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे एक जुनी पडून आहे, थोडं काम निघेल, पण ते देतील म्हणाला.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची हिंमत राहणार नाही. मला ती गिटार हवी होती. न बघताच हवी होती. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर स्टिकर लावून झाल्यावर, नाताळच्या सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून आपणही काही वाजवावं, एंजलने, म्हणजे माझ्या मुलीने, ते बघावं, एवढीच इच्छा होती. पण हवी असलेली वस्तू हवी म्हणून घेणं हे आमच्यासारख्या माणसांना जमत नाही. आधी घ्यावी की न घ्यावी याचा विचार करावा लागतो, आणि तो चारजणांना विचारून करावा लागतो.

पहिल्यांदा गेलो तो ऑक्टोबरचा रविवार होता. न्हावरे, चौफुला, वरवंड, पाटस करत दौंडला पोचलो. रूबेन मामा म्हणजे सत्तरी ओलांडलेले, ताठ, पांढरा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेले. दारात खाली बसून त्यांच्या पत्नी बयाबाई मामी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. हातात काचेच्या बांगड्या आणि दोन पाटल्या. शेंग फुटली की किणकिण, दाणे पडले की किणकिण. मी नमस्कार केला आणि आत गेलो. त्यांच्याकडे मी तेवढंच बघितलं.

मामांनी पलंगाखालून गिटार काढली. लाल रंगाची, मान जराशी वाकलेली, चार तारा गंजून तपकिरी झालेल्या. आवाजाचं बटण पडलं होतं आणि त्या जागी टूथपेस्टचं झाकण बसवलं होतं.

"घे, वाजवून बघ," मामा म्हणाले. चहा यायच्या आत ते मला अरे-तुरे करू लागले होते, त्यामुळे बरं वाटलं होतं.

"आधी तपासतो, मामा. मग वाजवतो."

मामा हसले. "मी टीएक्सआर होतो. गाडीची तपासणी. छत्तीस वर्षं दौंडात गाड्या पास केल्या. आम्ही चाकावर हातोडी मारायचो. चाक वाजलं की कळायचं. मोजत बसलो आसतो तर गाड्या हितंच ऱ्हायल्या आसत्या."

मी समव्यवसायी माणूस भेटल्याच्या आनंदात मान डोलावली आणि किंमत विचारली.

"किंमत ही सांगल," मामांनी दाराकडे बोट केलं.

बाहेरून मामी म्हणाल्या, "वाजवणाऱ्याकडं गेली पायजे. बाकी तुला काय वाटंल ते दे."

बायकोला मान देणारा नवरा आहे, एवढाच त्याचा अर्थ मी काढला. शिवाय मी घाबरलो. ज्या वस्तूला किंमतच सांगितलेली नाही तिची घासाघीस करायची कशी? आमच्या कंपनीत अशी पद्धत नाही. 'विचार करून कळवतो' म्हणून मी परत आलो. गिटार वाजवली नाही.

आमच्या शेजारी संपत राहतो. मूळचा न्हावऱ्याचा, कांद्याचा व्यापारी. त्याला सल्ला विचारावा लागत नाही, नुसतं दार उघडं ठेवलं की पुरतं.

"म्हस घेताना दात बघत्यात," संपत म्हणाला. "ह्याला दात न्हाईत. मंग वय कशावरनं काढायचं?"

मी म्हणालो, तारा चार आहेत.

"चारच? आन् साध्या गिटारीला?"

"सहा."

"मंजी दोन तारा कमी आन् पैसे तेवढंच द्यायचं? फसवत्यात तुम्हाला." मग खुर्ची पुढे ओढून त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, आवडली आसं दाखवायचं न्हाई. तोंड वाकडं करायचं. एकेक खोड काढायची. मालक सवता म्हणतो मग, न्या बाबा, काय द्यायचं ते द्या."

तो तर आधीच तसं म्हणतोय, हे मी संपतला सांगायला हवं होतं. पण त्याच्या बोलण्यात अनुभव होता आणि माझ्याकडे फक्त इच्छा होती.

दुसरा सल्लागार म्हणजे फर्निचरवाला पप्पू. त्याला मोबाइलवर फोटो दाखवला. तो म्हणाला मान सरळ करायला वाफ द्यावी लागेल, मग आठ दिवस शिकंज्यात. नाहीतर सरळ सागवानी दांडा नवीन बसवू आणि त्याच खर्चात वरून सनमायका मारून देऊ, पुसायला सोपं. मी कोटेशन मागितलं. मागावंच लागलं, कारण दुरुस्तीचा खर्च चर्चने करावा असं ब्लेसनने सुचवलं होतं आणि आमचे सचिव निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांनी तीन कोटेशनं मागितली, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. शिरूरमध्ये बेस गिटार दुरुस्त करणारा एकही माणूस नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग तीनजणांकडून तसं लेखी आणा.

मी आणलं. पप्पूचं सनमायकासकट, एका मोबाइल दुरुस्तीवाल्याचं 'वायरिंग बघून सांगू' असं, आणि पुण्याच्या एका दुकानाचं, ज्यात फक्त 'आधी घेऊन या' एवढंच लिहिलं होतं. कमिटीने दीड तास चर्चा करून ठराव केला, की गिटारमध्ये नक्की काय काय बिघडलं आहे याची तपशीलवार यादी आल्याशिवाय कोटेशनांचा विचार करता येत नाही. यादी याकोब यांनी करावी, कारण ते त्या क्षेत्रातले आहेत.

माझी छाती फुगली, हे कबूल केलं पाहिजे. इतक्या वर्षांत माझ्या क्षेत्राचं नाव चर्चमध्ये पहिल्यांदाच निघालं होतं.

दबोरा मात्र म्हणाली, "अहो, आवडलीय तर घेऊन या की. यादी कसली करताय? लग्नाच्या वेळी माझी पण केलेली का?"

मी म्हणालो, तेव्हा मी नोकरीला नव्हतो. त्यावर ती जे बोलली ते या विषयाशी संबंधित नाही.

यादी करायची तर मोजमापाची हत्यारं हवीत. ती कंपनीत. व्हर्नियर, फीलर गेज आणि फूटभर लांबीची स्टीलची पट्टी एका रविवारपुरती बाहेर काढायला गेटपास लागतो. गेटपासवर 'प्रयोजन' असा रकाना असतो. मी प्रामाणिकपणे 'बेस गिटार' लिहिलं. सिक्युरिटीने एचआरला फोन लावला, एचआरने माझ्या साहेबांना लावला, साहेबांनी मला बोलावून घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. शेवटी 'पुरवठादार भेट' असं लिहून सुटलो. हातासरशी कपाटातलं दोषनोंदीचं जुनं पॅड घेतलं, तीन प्रतींचं, कार्बन घालायचं. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण पॅडावर लिहिण्यात जो अधिकार वाटतो तो कॉम्प्युटरवर येत नाही. स्टिकरांची गुंडाळीही त्या पॅडातच होती. लाल.

नोव्हेंबरात दुसऱ्यांदा दौंडला गेलो. मामी दारात शेंगा फोडत होत्या. मामांनी गिटार पलंगावर चादर घालून ठेवली होती. मी चष्मा पुसला आणि दोन तास काम केलं. असं काम मी कंपनीतही केलेलं नाही. मानेचा बाक एक पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर. एक खुंटी फिरते पण तार ताणत नाही. वायर लावायच्या भोकात गंज. चारही तारा गंजलेल्या. हा एकच दोष होता, पण संपतची आठवण ठेवून मी तो चार क्रमांकांत लिहिला. बटणाऐवजी झाकण, अमान्य. क्रमांक चौदा: वरच्या बाजूला, तारांच्या जवळ, रंगावर असंख्य बारीक समांतर ओरखडे, कारण अज्ञात. हे ओरखडे मी भिंगाखाली बघितले, त्यांची लांबी मोजली, कशाने पडले असतील याचा पाच मिनिटं विचार केला. बाहेर किणकिण चालू होती. क्रमांक सतरा: एकंदर वय.

मग मी यादी वाचून दाखवली. तोंड वाकडं करून. मामा उभे राहून ऐकत होते, मी बसा म्हणालो तरी बसले नाहीत. मामी शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या.

"वाजवून बघणार न्हाईस का?" मामांनी विचारलं.

"या स्थितीत वाजवणं नियमात बसत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर म्हणालो.

फॉर्मवर खाली 'पुरवठादाराची सही' अशी जागा होती. मी तिथे मामांची सही घेतली. तिसरी प्रत त्यांना दिली आणि लाल स्टिकर सोलून गिटारवर चिकटवला. आमच्या कंपनीत लाल स्टिकर म्हणजे काही शेवट नसतो. लाल लावला की पुरवठादार धावत येतो, दोनचार फोन होतात, काही सवलत मिळते आणि दुपारपर्यंत तोच माल हिरवा होऊन आत जातो. सगळ्यांना ते माहीत असतं. मला वाटलं मामांनाही असेल.

मामांनी स्टिकरवरून अंगठा फिरवला, नीट चिकटलाय की नाही ते बघितलं आणि म्हणाले, "बराबर हाय."

मग मी फोनची वाट बघू लागलो. आठ दिवस गेले. संपत म्हणाला, आता तुम्ही फोन केला की भाव चढला समजा. पंधरा दिवस गेले. सचिवांनी यादी वाचून तिच्यावर स्वतंत्र बैठक ठेवली आणि दोष क्रमांक सतरा दुरुस्त कसा करणार असा प्रश्न काढला. ब्लेसनचं प्लास्टर निघालं, पण बोटं आखडलेली होती. एंजलने विचारलं, "पप्पा, गिटार येणारे का नाही?" मी तिला निर्णयप्रक्रिया समजावून सांगितली. ती तेरा वर्षांची आहे. तिने ऐकून घेतलं, हीच मोठी गोष्ट.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. मी संपतकडे विजयी नजरेने बघत स्पीकर लावला. मामा एवढंच म्हणाले, "याकोब, काम झालंय. फेरतपासणीला ये. फॉर्म घेऊन ये."

तिसऱ्यांदा गेलो. पलंगावर तीच चादर, तिच्यावर एक गिटार. मला वाटलं दुसरीच आहे. लालभडक, चकचकीत, चारही तारा नव्या. शेजारी माझी तिसरी प्रत, तिच्यावर सतरा ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा. लाल स्टिकर सोलून, न फाडता, फॉर्मच्या कोपऱ्यावर चिकटवून ठेवला होता.

"मामा, हे कशाला केलं? मी घेऊन गेलो असतो तशीच."

"तशी कशी?" मामांना माझं बोलणं खरोखर कळलं नाही. "तू फेल केली व्हतीस. फेल केलेला वॅगन आम्ही कुणाच्या गळ्यात मारत न्हाई. तो शिक लाइनला, म्हंजी बिघडलेल्या डब्यांच्या रुळावर जातो, दुरुस्त व्हतो आन् तपासणाऱ्यानं पास केल्यावरच गाडीला लागतो. छत्तीस वर्षं मी बी दुसऱ्यांच्या गाड्यांस्नी असंच लेबल लावलं. आता माझ्या घरातल्या वस्तूला लागलं म्हणून रुसायचं का?"

त्यासाठी ते या वयात तीनदा पॅसेंजरने पुण्याला गेले होते. मानेचं काय केलं म्हणून विचारलं तर हसले. "दांड्याच्या आत लोखंडी सळई आसती. दुकानातल्या पोरीनं किल्ली घातली, चार वेढं दिलं. झाली सरळ. पाच मिन्टं." कसली किल्ली ते त्यांनी खिशातून काढून दाखवलं. तशी सहाकोनी किल्ली माझ्या नोकरीच्या बॅगेत कायम असते, दोन्ही वेळा होती.

मी म्हणालो, मामा, सगळं ठीक आहे, बघायची गरज नाही. पण ते ताठ उभे राहिले. "न्हाई. एकेक वाच."

मला वाचावं लागलं. एक, ओके. दोन, ओके. खुंटी नवी होती. झाकणाच्या जागी बटण होतं. मामी आज आत येऊन बसल्या होत्या, पलंगाच्या टोकाला, हातात शेंगा नव्हत्या. मी "चौदा" म्हणालो आणि गिटार उजेडाकडे फिरवली. वरची बाजू काचेसारखी गुळगुळीत. एकही ओरखडा नाही. गाड्या रंगवणाऱ्याकडून स्प्रे मारून घेतला होता.

"चौदाला तू कारण अज्ञात लिवलंय," मामा म्हणाले. "हिला इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं."

मी मामींकडे बघितलं. त्यांनी गिटार मांडीवर ओढून घेतली. उजवा हात वरच्या कडेवरून तारांवर आला तो असा आला, की बघायची गरजच नव्हती. तो हात आयुष्यभर तिथेच येत होता. पाटल्या आणि बांगड्या बरोबर त्या जागेवर टेकल्या, जिथे मी भिंग लावून पाच मिनिटं विचार केला होता.

"रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमाला हीच वाजवायची," मामा म्हणाले. "चर्चमदी बी. पंचवीस-तीस वर्षं. मला कुठं वाजवाय येतंय? माझं काम स्पीकरची पेटी उचलायचं."

आणि मी दोनदा त्या दारातून आत गेलो होतो, दोनदा बाहेर पडलो होतो. किंमत ही सांगल, म्हणाले होते. मला वाटलं होतं, मान देतायत.

"मामी, ते ओरखडे... तेवढे तरी ठेवायचे," मी म्हणालो.

"हे बी तसंच म्हणत व्हते," मामी म्हणाल्या. "मीच म्हणलं मारून टाका रंग. एका चौदासाठी बाकीचे सोळा कशाला अडवायचे? माझी बोटं आता वळत न्हाईत. तुझी वळतात. वाजली म्हंजी झालं."

"एकदा वाजवा ना. नुसतं एकदा."

त्यांनी प्रयत्न केला. डाव्या हाताची बोटं तारेपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. उजव्या हाताने त्यांनी मोकळी तार छेडली. एकच सूर, खालचा, स्पीकर जोडलेला नसूनही छातीत बसणारा. मग हात काढताना काचेची एक बांगडी नव्या रंगावरून करकरत गेली.

मामा दचकून पुढे झाले आणि शर्टाच्या बाहीनेच ती जागा पुसू लागले. बोटभर लांबीचा बारीक पांढरा ओरखडा. पुसून जाणारा नव्हता. मामींनी हात पदरात ओढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात अजून फॉर्म होता, पेन उघडं होतं. पहिल्या दिवसापासून मला अरेतुरे करणारी ती बाई एकदम बारीक आवाजात म्हणाली, "चुकून लागलं, साहेब. एवढं लिहू नका."

मी पेन बंद केलं.

गिटार मी घेऊन आलो. मामी रक्कम सांगेनात, मी दिलेली मोजेनात. नाताळला मी वाजवली, तीन ठिकाणी चुकलो, एंजलने टाळ्या वाजवल्या. मामा-मामींना बोलावलं होतं. मामींचे गुडघे दुखत होते म्हणून आले नाहीत, असं मामांनी फोनवर सांगितलं. सचिवांनी शेवटी दुरुस्तीचा खर्च शून्य अशी नोंद करून माझं जाहीर अभिनंदन केलं. पप्पू जवळ येऊन गिटार बघत म्हणाला, "झकास. हा एक ओरखडा राहिलाय बघा. द्या, दोन मिनिटांत पॉलिश मारून घालवतो, फुकट."

चर्चच्या अंगणात मी कधीही कुणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. पप्पू अजून माझ्याशी बोलत नाही.

दोषनोंदीची वरची प्रत माझ्याकडेच आहे. त्या संध्याकाळी घरी येऊन मी चौदावी ओळ शोधली, 'कारण अज्ञात' खोडलं आणि तिथे 'बयाबाई मामी' असं लिहिलं. ओरखड्यांची संख्या मात्र बदलावी लागली. आधी असंख्य लिहिलं होतं. तिथे एक लिहिलं.